उभा मांडव : कुरूप कुंपणभिंतीच्या आच्छादनाचा विचार

सामान्य माणसाच्या घराभोवती पक्क्या बांधणीची उंच भिंत असावी, ही कल्पना महाराष्ट्रात फारशी जुनी नाही. देशावर परसाच्या आणि शेताच्या हद्दीवर निवडुंगाची, शेराची किंवा मोगली एरंडाची जिवंत वई असे; कोकणात व गोव्यात जांभ्याचे दगड चुन्याशिवाय एकावर एक रचून केलेला गडगा असे; आणि उंच तटाची हौस किंवा गरज सरदार-इनामदारांच्या वाड्यांपुरतीच राही. पुढे शहरांच्या कडेच्या जमिनी बिनशेती होऊन त्यांचे गुंठ्यांच्या हिशेबाने तुकडे पडले, मोजणीदाराने दाखविलेल्या निशाण्यांना कायमचे रूप देण्याची निकड प्रत्येक मालकास भासू लागली, आणि जिथे पूर्वी पाने आणि काटे होते तिथे वीट, सिमेंटचे ठोकळे किंवा कारखान्यात ओतून आणलेल्या काँक्रीटच्या फळ्या उभ्या राहिल्या. घराच्या दर्शनी बाजूस, जिन्यास, देवघरास जो विचार लाभतो, त्याचा शतांशही ह्या भिंतीच्या वाट्यास येत नाही. ती बहुधा सर्वांत शेवटी, उरल्यासुरल्या पैशांत आणि उरल्यासुरल्या साहित्यात पुरी केली जाते, आणि मग घराच्या अंगणात बसणाऱ्या माणसाला आयुष्यभर डोळ्यांसमोर तीच पाहावी लागते.

अशा भिंतीचे करावे काय, हा प्रश्न क्षुल्लक वाटत असला तरी तो लक्षावधी घरांचा आणि गृहसंस्थांचा आहे, आणि त्यावर सध्या जे उपाय बाजारात व बागांत प्रचलित आहेत, त्यांत इष्ट, अनिष्ट आणि प्रसंगी घातक अशा तिन्ही प्रकारच्या गोष्टींची सरमिसळ झालेली आहे. एका बाजूस शोभेचे फलक, जाळ्या, तट्ट्या. दुसऱ्या बाजूस वेली, झुडपे आणि अलीकडे फार बोलबाला झालेल्या उभ्या बागा. ह्या सर्वांचा परामर्श घेण्यापूर्वी एक गोष्ट मात्र पहिल्याने सांगितली पाहिजे, कारण तिच्याकडे दुर्लक्ष करून केलेली सारी सजावट व्यर्थ ठरते: भिंत कुरूप का दिसते, ह्याचा तपास आधी व्हावयास हवा.

पुष्कळदा कुरूपता हे केवळ लक्षण असते आणि रोग आत असतो. गिलाव्याचे पोपडे सुटले आहेत, जमिनीपासून दोन-तीन फूट उंचीपर्यंत पांढरा लोणा फुटला आहे, त्याच्यावर काळपट शेवाळ धरले आहे, अशी भिंत दिसली की समजावे, पायातून ओल वर चढते आहे आणि पाण्यात विरघळलेले क्षार पृष्ठभागावर येऊन गिलाव्याला ढकलून पाडीत आहेत. बागेच्या हौसेने भिंतीला चिकटून मातीचे उंच वाफे घातले, की ही ओल हटकून वाढते. काळ्या मातीच्या प्रदेशात निराळेच संकट असते. ती माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि उथळ पायाची कुंपणभिंत त्या हालचालीबरोबर पायऱ्या-पायऱ्यांच्या आकारात तडकते. अशा भेगेवर वेल सोडणे किंवा फलक ठोकणे म्हणजे भेग बरी करणे नव्हे, तर ती वाढत असताना आपल्याला दिसू नये अशी तजवीज करणे होय. 2019 च्या जून महिन्याच्या अखेरीस पुण्यातील कोंढव्यात पावसाच्या रात्री एका गृहसंकुलाची संरक्षक भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून 15 माणसे प्राणास मुकली, आणि त्यानंतर चारच दिवसांच्या आत मुंबईत मालाड येथे भिंत पडून त्याहूनही अधिक बळी गेले. ह्या दुर्घटनांचा बागेच्या शोभेशी प्रत्यक्ष संबंध नाही हे खरे. परंतु ज्या भिंतीच्या एका अंगास मातीचा भराव आहे, ती केवळ हद्दीची खूण न राहता मातीचा आणि मातीत साठलेल्या पाण्याचा रेटा सोसणारा बांध झालेली असते, आणि तिच्यातील पाणी निघून जाण्याची भोके सजावटीखाली बुजविणे हा किती गंभीर अपराध आहे, हे त्यावरून ध्यानात यावे. म्हणून आधी गवंड्यास दाखवून दरजा भरून घ्याव्यात, सुटलेला गिलावा खरवडून काढावा, भिंतीलगतची माती पायाच्या माथ्याखाली उतरवावी, आणि भिंत ओळंब्यात नसेल तर सजावटीचा विचारच सोडून ती उतरवून घ्यावी.

कोकणातील चिऱ्याच्या भिंतीविषयी तर माझे मत असे आहे की ती झाकूच नये. जांभा सच्छिद्र असतो. पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांतच त्याच्यावर शेवाळाची मऊ साय धरते, फटींत नेचे उगवतात, आणि आषाढापासून आश्विनापर्यंत ती भिंत स्वतःच एक बाग होऊन जाते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा करून तो रंगविणारे, आणि मग तो रंग शेवाळाने डागळला म्हणून त्यावर फलक लावणारे लोक, निसर्गाने फुकट दिलेली वस्तू दोनदा पैसे खर्चून नाहीशी करतात. गोव्यातील जुन्या घरांच्या आवारभिंती आजही जिथे मूळच्या स्वरूपात राखल्या आहेत, तिथे ह्या प्रश्नाचा मागमूसही दिसत नाही.

भिंतीचे भिंतपण लपवावे ही इच्छा मात्र पुरातन आहे. रोमनजीक प्रिमा पोर्ता येथील, सम्राट ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिच्या उद्यानगृहातील एका बिनखिडकीच्या दालनाच्या चारी भिंतींवर फळझाडे, फुलझाडे आणि पक्षी यांनी गजबजलेली अखंड बाग चितारलेली होती, आणि त्या बागेच्या पुढे चित्रकाराने एक ठेंगणे विणीचे कुंपणही रंगविले होते. ती चित्रे आता रोमच्या वस्तुसंग्रहालयात आहेत. आपल्याकडे भिंतीला निराळ्या रीतीने हलके केले गेले. दगडात किंवा संगमरवरात कोरलेल्या जाळीने भिंतीचा आडोसा राखून तिचे जडत्व हरण करावे, ही कला अहमदाबादच्या सिदी सय्यद मशिदीत पराकोटीस पोचली, आणि महाराष्ट्रात तिचे दर्शन संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात, समाधीभोवतीच्या अष्टकोनी संगमरवरी जाळीत, घडते. विसाव्या शतकात लॉरी बेकर यांनी केरळात साध्या विटाच अंतर सोडून रचून तीच जाळी गरिबाच्या घराला मिळवून दिली. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेत निळ्या-पांढऱ्या फरशांवर चितारलेले जे भव्य फलक आहेत, ते पोर्तुगीज परंपरेचे देणे. पावसाळी हवेत रंग टिकत नाही आणि भाजलेली फरशी टिकते, हा व्यवहारही त्यांत आहे.

ह्या सर्व परंपरांत मला सर्वांत मोलाचा वाटणारा धागा निराळाच आहे. कालिदासाच्या शाकुंतलात वनज्योत्स्ना नावाची नवमालिका आम्रवृक्षाला वरून बसलेली आहे, माधवीचा लतामंडप आहे; आणि आपल्या परसातही जाईजुईला मांडव घालण्याची रीत होती. वेलीला आधार द्यावयाचा तो झाडाचा किंवा मांडवाचा, भिंतीचा नव्हे, असा जणू संकेतच ह्या वहिवाटीत दिसतो. कुरूप भिंतीच्या प्रश्नाचे उत्तर मला ह्या जुन्या वहिवाटीत सापडते. मांडव आडवा घालण्याऐवजी भिंतीपासून वितीच्या अंतराने उभा करावा, त्याचे खांब जमिनीत स्वतंत्र रोवावेत, आणि फलक असोत की वेली, त्यांचा भार त्या उभ्या मांडवाने घ्यावा; भिंतीने केवळ भिंत राहावे. मधल्या जागेतून वारा खेळतो, ओल सुकते, झाडू फिरतो, आणि मुख्य म्हणजे पानांचा पडदा बाजूस सारून भिंतीची प्रकृती केव्हाही पाहता येते. पुढे ज्या ज्या उपायांचा विचार करावयाचा आहे, त्यांची परीक्षा मी ह्याच कसोटीवर करणार आहे.

फलकांत अग्रमान बांबूचा. पुण्यातील बुरूड आळी आणि गावोगावचे बुरूड कारागीर आजही तट्ट्या, चटया आणि पडदे विणून देतात, आणि सिंधुदुर्गातील माणगा बांबू भरीव व सरळ असल्याने चौकटीस उत्तम ठरतो. दोन-तीन रंगछटांच्या कामट्यांच्या विणीत जी छायाप्रकाशाची खेळी साधते, ती कोणत्याही यंत्राने कापलेल्या पत्र्यात साधत नाही, असे मी निःशंकपणे म्हणतो. परंतु बांबूविषयी जी तक्रार ऐकू येते, की तो दोन पावसाळ्यांत कुजतो किंवा भुंगेरे त्याचे पीठ करतात, तीही निराधार नाही. बांबूतील पिष्ट आणि शर्करा हे किड्यांचे अन्न असते. म्हणून पावसाळा सरल्यावर तोडलेले पक्व बांबूच घ्यावेत, ते काही आठवडे वाहत्या किंवा बदलत्या पाण्यात बुडवून ठेवावेत, अथवा टाकणखार आणि बोरिक आम्ल यांच्या द्रावणात मुरवावेत. हे क्षार पावसाच्या पाण्याने धुपतात, सबब उघड्यावरील तट्टीला वर तेलाचा किंवा वार्निशाचा हात आणि माथ्यावर लहानशी पाखी आवश्यक आहे. तट्टीचा खालचा काठ जमिनीपासून चार बोटे तरी उंच राहिला पाहिजे, नाहीतर वाळवीला आपण स्वतःच शिडी लावून दिली असे होते. इतकी निगा राखूनही बांबूची तट्टी काही वर्षांनी बदलावी लागेल. पण ती बदलताना बुरुडाच्या घरी चार पैसे जातात आणि जुनी तट्टी चुलीत किंवा खतात जिरते, हा तिचा दोष न मानता गुण मानावा.

वीट, भाजलेली माती किंवा सिमेंट यांच्या जाळीदार ठोकळ्यांचे फलक टिकाऊ असतात, आणि त्यांच्या भोकांतून वेलीचे शेंडे सहज ओवता येतात. मात्र ते जड असल्यामुळे त्यांना स्वतंत्र पाया द्यावा, जुन्या भिंतीच्या माथ्यावर चढवू नयेत. यंत्राने नक्षी कापलेले लोखंडी पत्र्याचे फलक आज फार लोकप्रिय आहेत. सावलीच्या बाजूस, पुण्या-नाशिकाच्या कोरड्या हवेत, नीट रंग दिलेला असा फलक शोभतोही. परंतु पश्चिमेच्या उन्हात तो वैशाखात इतका तापतो की त्याला बिलगलेले कोवळे शेंडे करपून जातात, आणि समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत त्याच्या कापलेल्या कडांपासून गंज सुरू होऊन भिंतीवर तांबड्या ओघळांचे नवे वैरूप्य उमटते. प्लॅस्टिकच्या पानांचे आणि कृत्रिम गवताचे पट्टे तर मी सर्वथा त्याज्य समजतो. ते उन्हाने विटतात, धुळीने मळतात, त्यांच्या मागे ओल कोंडते, आणि अखेरीस त्यांचे तुकडे गटारात जातात. बागेत मेलेल्या वस्तूने जिवंत वस्तूचे सोंग घ्यावे, ह्याचे समर्थन माझ्याने करवत नाही.

चित्रांविषयी थोडेसे. सरकारी कचेऱ्यांच्या आणि शाळांच्या आवारभिंतींवर वारली पद्धतीची चित्रे काढण्याची प्रथा आता सार्वत्रिक झाली आहे. मूळ वारली चित्र हे शेणाने सारवून गेरूने रंगविलेल्या झोपडीच्या कुडावर, तांदळाच्या पिठाने, लग्नासारख्या मंगल प्रसंगी सवाशिणींच्या हातून निघत असे, आणि जिव्या सोमा म्हसे यांनी त्याला कागदावर व जगभर नेले. ते नाहीसे व्हावे ह्याच बोलीने काढलेले असे. पुढच्या प्रसंगी पुन्हा सारवण आणि पुन्हा चित्र. म्हणून घरच्या भिंतीवर कोणास ते हवे असेल, तर वारली कलावंतास बोलावून, त्याचा योग्य मोबदला देऊन, दर काही वर्षांनी नवे करवून घ्यावे. साचा ठेवून मारलेल्या पांढऱ्या बाहुल्यांनी भिंतही सुधारत नाही आणि कलेचाही मान राहत नाही.

आता वेलींकडे वळू. चार्लस डार्विन यांनी 1865 साली वेलींच्या हालचालींवर एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला आणि आधार धरण्याच्या रीतीवरून त्यांचे वर्ग पाडले: स्वतः पीळ घेत चढणाऱ्या, ताणव्यांनी किंवा पानांच्या देठांनी पकडणाऱ्या, काटे-आकड्यांनी अडकणाऱ्या आणि मुळ्यांनी चिकटणाऱ्या. ह्या वर्गीकरणाचा माळ्याला जितका उपयोग आहे, तितका क्वचितच दुसऱ्या कोणत्या शास्त्रीय वर्गीकरणाचा असेल, कारण कोणत्या वेलीला काय आधार द्यावा आणि ती भिंतीशी कशी वागेल, हे त्यावरून तत्काळ कळते.

मुळ्यांनी चिकटणाऱ्यांत फायकस प्युमिला ही पूर्व आशियातून आलेली वेल आपल्या शहरांत सर्वत्र दिसते. तिला तार नको, खिळा नको. नखाएवढी पाने एकमेकांलगत बसवीत ती दोन-तीन वर्षांत भिंत हिरवी करून टाकते, आणि तिच्या ह्या सोयीमुळेच लोक फसतात. वेल प्रौढ झाली की तिला भिंतीपासून बाहेर झेपावणाऱ्या जाड, लाकडी फांद्या फुटतात, पाने मोठी व राठ होतात, उंबरासारखी फळे धरतात, आणि मग वर्षातून दोन-तीन वेळा कात्री न लावल्यास तिचा भार भिंतीला असह्य होतो. ती काढावी म्हटले तर मुळ्यांबरोबर गिलावा सुटून येतो, आणि तिच्याखालची भिंत तर कधी दिसतच नाही. धडधाकट काँक्रीटवर, नेहमीचा माळी असलेल्या ठिकाणी तिला मुभा द्यावी. विटांच्या जुन्या भिंतीवर कदापि नाही. पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून भेगांत उगवणारे पिंपळ आणि वड हे आच्छादनाच्या आड नकळत वाढतात आणि भिंत फोडतात. पिंपळ उपटण्यास अनेकांचे मन धजत नाही, त्यांनी तो दोन पानांचा असतानाच मुळासकट काढून माळावर लावावा.

पीळ घेणाऱ्या वेली उभ्या मांडवाला सर्वांत अनुरूप. रंगूनची वेल, जिला आपल्याकडे सरसकट मधुमालती म्हटले जाते, ती सायंकाळी पांढरी उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि मग लाल. पांढऱ्या फुलाच्या लांब नळीतला मध रात्रीच्या पतंगांसाठी असतो, रंग बदलल्यावर दिवसाचे पाहुणे येतात. एका घोसात तिन्ही रंग नांदविणारी ही वेल मोठी झपाट्याची आहे, तेव्हा तिला मजबूत खांब द्यावेत. गोकर्ण नाजूक आणि वर्षाच्या आत फुलणारी, म्हणून मोठ्या वेली वाढेपर्यंतची मधली मुदत तिने भरून काढावी. गुळवेल देशी, औषधी आणि दुष्काळातही तग धरणारी. पण उन्हाळ्यात ती पाने गाळते आणि ज्या दिवसांत आडोसा हवा त्याच दिवसांत भिंत उघडी पडते, हे लक्षात घेऊन तिच्या जोडीस सदाहरित वेल लावावी. कृष्णकमळ आणि संक्रांतवेल ताणव्यांनी चढतात. त्यांना बारीक तार किंवा जाळी लागते, जाड खांबाला त्यांची पकड बसत नाही. संक्रांतवेल ब्राझीलची, पण पौष-माघात नारिंगी फुलांच्या झालरी सोडून ती अशी काही फुलते की शिंजिरांची दिवसभर ये-जा सुरू राहते.

काटेरी गटात बोगनवेल. फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हिल याच्या मोहिमेतील वनस्पतिशास्त्रज्ञ कॉमर्सन याला ती ब्राझीलमध्ये आढळली आणि मोहिमेच्या नायकाचे नाव तिला मिळाले. दख्खनच्या कोरड्या पठारावर तिच्याइतकी समाधानी वेल दुसरी नाही. पाणी कमी पडले की तिचा रंग अधिक खुलतो, आणि लाडाने रोज पाणी घातले तर ती नुसती पानांनी माजते. पुष्कळ ठिकाणी भिंतीच्या माथ्यावर चोरांसाठी काचांचे तुकडे रोवलेले असतात, आणि भिंतीच्या कुरूपतेत त्यांचा वाटा मोठा असतो. त्या जागी बोगनवेलीचे काटे तोच बंदोबस्त करतात. मात्र ती स्वतः काही धरीत नाही, तिला बांधून घ्यावे लागते, आणि रस्त्याच्या अंगाला तिच्या फांद्या येऊ न देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. जाई, जुई आणि सायली याही अशाच टेकून वाढणाऱ्या. बसण्याच्या जागेजवळचा भाग त्यांच्यासाठी राखावा, कारण सुगंध दुरून उपभोगण्याची वस्तू नव्हे.

लागवडीचे अंतर हा पुष्कळ बागांचा दुबळा दुवा. भिंतीला खेटून खड्डा घेतला जातो, तिथे पायाचा चुना, विटांचे तुकडे आणि राडारोडा असतो, वेल खुरटते आणि पाणी पायात मुरते. दीड-दोन फूट दूर खड्डा घेऊन, त्यातला राडा काढून, शेणखत-मातीने भरून वेल तिरकी मांडवाकडे न्यावी. जिथे जमीनच नाही, फरशी आहे, तिथे माथ्यावरच्या कुंड्यांतून पडद्यासारखी खाली लोंबणारी व्हर्नोनियाची वेल सोडतात. ती सुंदर दिसते, पण कुंड्यांचे वजन भिंतीवर न ठेवता मांडवाच्या माथ्यावर ठेवावे.

उभ्या बागांची कल्पना सर्वस्वी आधुनिक आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे स्टॅन्ली हार्ट व्हाइट यांनी 1938 साली तिचा हक्कदाखला मिळविला, आणि पुढे पॅरिसमध्ये पात्रिक ब्लाँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने मातीविना, ओल्या नमद्यावर शेकडो जातींची रोपे वाढवून तिला कलेचे रूप दिले. त्याच धर्तीवर आपल्या शहरांत पुलांच्या खांबांवर कुंड्यांच्या जाळ्या चढविल्या गेल्या. परंतु पात्रिक ब्लाँ यांच्या भिंतीमागे अव्याहत ठिबकणारे पाणी, मोजून दिलेले पोषक क्षार आणि जाणते कर्मचारी असतात. ते नसले की ओंजळभर खतमातीच्या कुंडीतले रोप पहिल्या उन्हाळ्यातच वाळते आणि मागे काळ्या प्लॅस्टिकची जाळी उरते, जी मूळ भिंतीहून कुरूप असते. ज्या गावांत पिण्याचे पाणी दिवसाआड येते, तिथे जमिनीत मूळ रोवलेली एक वेल हाच शहाणपणाचा मार्ग.

राहता राहिला कायद्याचा आणि शेजारधर्माचा भाग. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार कुंपणभिंतीची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून सामान्यतः 1.5 मीटरपर्यंत असावी, आणि वरचा 0.9 मीटर भाग जाळीदार किंवा खुल्या बांधणीचा असेल तर ती 2.4 मीटरपर्यंत नेण्यास परवानगी मिळू शकते. पत्र्याचे अखंड फलक भिंतीवर चढवून उंची वाढविणारे ही तरतूद विसरतात. जाळी आणि तट्टी मात्र तिच्या आशयाशी सुसंगत ठरतात. भिंत सामाईक असेल तर खिळा मारण्यापूर्वी शेजाऱ्याची संमती घ्यावी, शक्यतो लेखी. आणि उभ्या मांडवाचा आणखी एक लाभ असा की तो सर्वस्वी आपल्या हद्दीत असल्याने ह्या संमतीची गरजच बहुधा उरत नाही.

दरवर्षी दोन वेळा हात फिरवावा. पहिला मृग लागण्यापूर्वी, कारण पावसाने भिजलेला दाट वेलविस्तार वादळी वाऱ्यात शिडासारखा भरतो आणि खांब उपटतो: तेव्हा वाढ निम्म्याने छाटावी, तारा ताणून घ्याव्यात, भिंतीतली भोके मोकळी करावीत, आणि मागच्या फटीतून दिवा धरून भेगा, ओल व पिंपळाची रोपे पाहून घ्यावीत. दुसरा दिवाळीनंतर, तट्ट्यांना तेल देण्यासाठी. संक्रांतवेल तेवढी मृगापूर्वीच्या छाटणीतून वगळावी. तिची छाटणी तिचा बहर ओसरल्यावर, फाल्गुनात करावी.